साहेबांच्या गाडीला वहाणेचं तेल

तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी म्हटलं, माझं काम लोकांच्या बुडाखाली असायचं, त्यावर दिवाळीच्या अंकात काय लिहायचं? निरोप आणणारा म्हणाला, तेच लिहा. तर लिहिते. माझी शाळा चौथीतच सुटली. शुद्धलेखन तुम्ही बघा, शिवण माझी.

काम असं, की मी मोटारींच्या सीटा आणि टप शिवायचे. टप म्हणजे जीपचं नाहीतर उघड्या गाडीचं कापडी छत. मलकापूरला, कराडच्या अंगाला, हायवेवर आमचं गॅरेज होतं. इंजिनाकडचं आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, बघायचे. गावात त्यांना सगळे मिस्त्री म्हणत, मीही इथं मिस्त्रीच म्हणते. गिऱ्हाईक आलं की त्यांना विचारायचं, "कुशनवाला कुठाय?" मिस्त्री माझ्याकडे बोट करायचे. मग गिऱ्हाईक थोडा वेळ माझ्या मागं आणखी कुणी उभं आहे का ते बघायचं.

शिकवलं कुणी नाही. आईच्या हाताखाली वाकळा, म्हणजे गोधड्या, शिवलेल्या होत्या. मला वाटलं, वाकळ काय आणि सीट काय, माणसाच्या वजनानं दोन्ही फाटतात. एका ट्रकची फाटकी सीट उसवून बघितली, कशावर काय बसवलंय ते कोळशानं फरशीवर काढून ठेवलं, आणि नवी भरली. भरली म्हणजे अशी ठासून भरली, की ड्रायव्हर चढून बसला तो त्याचं डोकं वर पत्र्याला लागलं. "वैनी," तो वरूनच म्हणाला, "ही सीट न्हाई, चौरंग केलाय. आता मला हार घाला आन पूजा सांगा." ती सीट मी दोनदा उसवली. तिसऱ्यांदा तो काही न बोलता गाडी घेऊन गेला. आमच्या धंद्यात गिऱ्हाईकानं काही न बोलणं हीच शाबासकी. सीट चांगली असली की माणसाला तिची आठवणच येत नाही.

आत काय असतं ते सांगते. तळाला स्प्रिंगा. त्यांच्यावर तरट, स्प्रिंग वर टोचू नये म्हणून. तरटावर काथ्या, काथ्यावर कापसाचा थर, आणि सगळ्यावर रेक्झिन नाहीतर कातडं. लोक बघतात वरचं, पण दुखणं बहुतेक वेळा खालून येतं. एका श्रावणात महाबळेश्वरचा टॅक्सीवाला आला. म्हणाला, "वैनी, पाशिंजर बसतंय आन नाक दाबून उतरतंय. रेक्झिन तर नवंकोरं हाय." मी मागची सीट उलटी केली, तर काथ्यात अळंबी उगवलेली! तिकडच्या पावसात भिजलेल्या माणसांनी महिनाभर त्या सीटला पाणी पाजलं होतं. मी म्हटलं, "भाडं नाही मिळालं तर ही घेऊन बाजारात बसा." तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. कुठलीही सीट आली की आधी उलटी करायची आणि वास घ्यायचा. गिऱ्हाइकं हसायची. पण नाकाला जे कळतं ते डोळ्याला उशिरा कळतं.

ह्याच नाकापायी मी एका भल्या माणसाचा पाणउतारा केला. खरं तर तेच सांगायला बसलेय.

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्यानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. सांगलीहून एका डॉक्टरांच्या बायकोचं पत्र आलं. मिस्त्री पोरवयात सांगलीला काम शिकले, त्या गॅरेजात ह्या डॉक्टरांची गाडी यायची. विलायती, लांबलचक, वर कापडी टप, पुढं पितळी दिवे. डॉक्टर वारले त्याला अठरा वर्षं झाली होती. ते गेल्यावर बाईसाहेबांनी गाडी भावाच्या हळदीच्या वखारीत लावली आणि पुन्हा बाहेर काढली नाही. आता भावानं वखार विकली होती, दसऱ्याच्या आत रिकामी करायची होती. बाईसाहेब सांगलीतलं घर बंद करून पुण्याला मुलाकडे जाणार होत्या. मुलाचं म्हणणं, गाडी आपल्या पायांनी पुण्याला आली तर ठेवीन, नाहीतर तिथंच भंगारात द्या.

एवढंच असतं तर मीही म्हटलं असतं, द्या. पेट्रोल तेव्हा असं महागलं होतं, की तसली गाडी पाळणं म्हणजे दारात हत्ती बांधणं. पण त्या गाडीबरोबर एक माणूस होता.

दादूमामा. डॉक्टरांचे ड्रायव्हर. मूळचे आटपाडीकडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. गाडी वखारीत गेली तसे तेही वखारीत गेले. एका कोपऱ्यात खाट, चूल, खुंटीला घोंगडं, आणि समोर गाडी. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. गाडी पुण्याला गेली तर तेही तिच्याबरोबर जाणार, तिथं बंगल्यामागं त्यांची खोली ठरलेली होती. गाडी भंगारात गेली तर त्यांनी जायचं भाच्याकडे, आणि भाच्यानं आधीच कळवलं होतं, "मामा, हितं आमालाच पुरंना."

आम्ही दोघं बघायला गेलो. दादूमामांनी गाडीवरची ताडपत्री अशी उचलली, जशी निजलेल्या लेकराच्या तोंडावरची चादर काढतात. ताडपत्री पिवळी, टप पिवळा, मामांच्या भुवयासुद्धा पिवळ्या. गाडी चार लाकडी ठोकळ्यांवर उभी.

"चाकं भुईला टेकू दिली न्हाईत," मामा मिस्त्रींना म्हणाले. "आन दर सोमवारी हँडल मारतो. धा येळा. चालू न्हाई करायची, नुस्ती फिरवायची. सायेब म्हणायचे, दादू, माणूस काय आन इंजन काय, पडून ऱ्हायलं की धरतंय."

मिस्त्रींनी हँडल घालून फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं. बाहेरच्यांना सांगते, जुन्या गाडीचं मरण हेच असतं. वर्षानुवर्षं उभी राहिली की इंजिन आतून गंजून धरतं, मग ती गाडी नसते, नुसता पत्रा असतो. हे धरलेलं नव्हतं. मी सीटांकडे बघत होते. तांबूस विलायती कातडं, आरशासारखं चकाकणारं. हात लावायला गेले तर मामा म्हणाले, "हात पुसून, वैनी." मी पदराला पुसले, तरी त्यांचा चेहरा बघून हात मागंच घेतला.

गाडी ट्रकवर घालून मलकापूरला आणली. मामाही ट्रकच्या मागं, गाडीच्या दाराला धरून उभे. शेजारचा चहावाला ओरडला, "मिस्त्री, ही कुणाच्या वरातीची? नवरा म्हातारा झाला आसंल की आता!"

काम सुरू झालं. टाकीतल्या जुन्या पेट्रोलची राळ झाली होती, ती खरवडून काढली. मग मिस्त्री वायरिंगकडे वळले आणि थांबले. "मामा, वायरी कुरतडल्यात. उंदीर झालेत."

"हळदीच्या वखारीत उंदीर?" मामा हसले. "हळदीला उंदीर तोंड लावत न्हाई, मिस्त्री. लहान पोरालाबी ठावं हाय."

त्याच वेळी मी मागच्या सीटवर हात टेकला. हात कोपरापर्यंत आत गेला.

वरून चकाकणारं कातडं पापडासारखं उरलं होतं, खाली सगळं पोकळ. सीट उचलून उलटी केली. त्या काळी विलायती सीटांत काथ्याऐवजी घोड्याचे केस भरत. त्या केसांत चार-पाच पिढ्यांनी संसार केलेला. मी सवयीनं वाकून वास घेतला. उंदरांचा वास होताच, पण त्याच्या खाली दुसरा एक होता. शिळ्या भज्यांच्या कढईचा.

"मामा, सीटला तुम्ही काय लावायचा?"

"शेंगत्याल," मामा ताठ होऊन म्हणाले. "घाण्याचं, ताजं. दर खंडेनवमीला गाडी पुजायची आन गडूभर त्याल हातानं जिरवायचं. येक साल चुकलं न्हाई. कातड्याला त्याल लागतंयच की."

"लागतं. पण वहाणांना तुम्ही एरंडेल घालता. मग इथं का नाही घातलं?"

मामांना तो प्रश्नच लागला. "आवं वैनी, ती वहाण. ही सायबांची गाडी. तिला वहाणंचं त्याल लावू व्हय?"

आता इथं मी गप्प बसायला हवं होतं. एरंडेल कडवट, चिकट, त्याला उंदीर तोंड लावत नाही, म्हणून तर आपल्याकडे वहाणेला तेच घालतात. शेंगतेल म्हणजे खाऊ. मान द्यायचा म्हणून मामांनी खायचं तेल दिलं, ते कातड्यातून खाली केसांत मुरलं आणि उंदीर वासावर आले. हे त्यांना बाजूला घेऊन सावकाश सांगता आलं असतं. पण मी स्वतःहून शिकलेली बाई. मला कळलेलं चारचौघांना कळावं, ही माझी खोड. मिस्त्री होते, चहावाला कप न्यायला आला होता, एक ट्रक ड्रायव्हर उभा होता. मी म्हटलं, "मामा, हळदीच्या वखारीत उंदीर आपणहून आले नाहीत. तुम्ही अठरा वर्षं त्यांना तेलाचं आवतण दिलंत."

चहावाला हसला. मीही हसले. मामा पुढं आले, त्या भोकात हात घातला, कुरतडलेल्या केसांची मूठ बाहेर काढली, बघितली, आणि पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवली.

त्यानंतर ते गाडीजवळ आले नाहीत. गॅरेजच्या भिंतीला घोंगडं टाकून बसून राहायचे. सोमवार आला. मिस्त्री हँडल घेऊन म्हणाले, "मामा, आज तुमचा वार."

"तुमीच मारा."

"आता आठवड्याभरात चालू होईल. मग पुणं."

"गाडी जाऊ द्या," मामा म्हणाले. "मी काय जात न्हाई. बाईसायबांनी अठरा वर्सांत मला येकच काम सांगितलं हुतं. त्येच माझ्या हातनं नासलं. आता कुठल्या तोंडानं त्यांच्या दारात खोली घेऊ?"

"मग जाणार कुठं?"

"हाय की भाचा."

जेवताना मिस्त्रींनी मला विचारलं, "तू त्यांना इंजिनाचं सांगितलंस का?"

"काय?"

"दहा गोष्टी त्या माणसानं बरोबर केल्या. ठोकळे लावले, हँडल मारलं. इंजिन त्यांच्यामुळं जिवंत आहे. एक गोष्ट चुकली. तू नेमकी तीच आधी सांगितलीस."

"मग तुम्ही सांगा की उरलेल्या. इंजिन तुमच्याकडं आहे."

"जीभ तुझी चालली ना? मग तूच सांग."

मी सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. मी खोटं तर काही बोलले नव्हते, आणि खरं बोलून माफी मागायची म्हणजे नेमकं काय म्हणायचं, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. मामांच्या पुढ्यात चहा ठेवायचे, भाकरी ठेवायचे. ते "ऱ्हाऊ द्या, वैनी" म्हणायचे आणि अर्धी खायचे.

गाडी चालू झाली. पहिल्यांदा खोकली, मग पिवळा धूर सोडला, मग तिचा आवाज लागला. मिस्त्री तिला उंब्रजपर्यंत नेऊन परत आले. मामांना बरोबर चला म्हटलं, ते नाही म्हणाले. पण गाडी परत वळायच्या आधी उठून रस्त्याच्या कडेला जाऊन उभे होते, एवढं मी बघितलं.

दसऱ्याला आठ-दहा दिवस असताना बाईसाहेब आल्या. बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, बोलणं तोडून टाकल्यासारखं. इंजिनाचा आवाज उभ्या उभ्या ऐकला, मान हलवली. मग माझ्याकडे आल्या. सगळ्या सीटा उसवून पडलेल्या होत्या.

"हे कशानं झालं?"

मामा भिंतीशी उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "वय झालंय, बाईसाहेब. जुनं कातडं, किती दिवस टिकणार..."

"वय न्हाई झालं." मामा पुढं आले. "म्या केलं, बाईसायेब." आणि त्यांनी सगळं सांगितलं. शेंगतेल, खंडेनवमी, उंदीर, माझं ते आवतणाचं वाक्यसुद्धा. त्यात काही कमी केलं नाही, माझ्यावर रागही धरला नाही. कोर्टात साक्ष देतात तसं बोलले. "जे सांगितलं हुतं ते सांभाळता आलं न्हाई. गाडी न्या. मी भाच्याकडं जातो."

बाईसाहेबांनी चष्मा काढून पदराला पुसला. "तेल कुठून आणायचास तू?"

"तुमच्याच घरनं की."

"द्यायचं कोण?"

मामा उसवलेल्या सीटांकडे बघू लागले.

"गडू भरून मी माझ्या हातानं द्यायचे. कशाला म्हणून कधी विचारलंही नाही. मला वाटायचं, त्यातलं निम्मं तू भाजीला वापरतोस."

मामांचा चेहरा लाल झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना राग आलेला बघितला. "येक थेंब न्हाई, बाईसायेब! आईच्यान! सायबांच्या गाडीचं त्याल मी खाईन?"

"खाल्लं असतंस तर निम्मे उंदीर कमी झाले असते," बाईसाहेब म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "ह्यातलं काही उरलंय का?"

उरलं होतं. सीटांच्या पाठी शाबूत होत्या. उभ्या पाठीवर तेल मुरत नाही, ओघळून जातं. चारही पाठींचं कातडं जोडून एक सीट होणार होती, बाकी रेक्झिन. मी म्हटलं, मागची डावी बाजू, डॉक्टर बसायचे ती, कातड्याची करते.

"तिथं आता मी बसणार. मला रेक्झिन चालतं," त्या म्हणाल्या. "पुढं लाव, ड्रायव्हरला. दादू, माझ्या मुलाला ही गाडी चालवता येत नाही. त्याला शिकवायला तुला किती दिवस लागतील?"

मामांनी बोटांवर मोजलं. "धाकल्या सायबांना व्हय? दोन वर्सं तरी लागतील. त्यांचा पाय जड हाय."

"मग ठरलं," म्हणून बाईसाहेब टॅक्सीत बसल्या.

ती सीट मी मशीनवर घातली नाही. जुन्या कातड्याला नवं भोक पाडलं की ते तिथूनच फाटतं. जुनंच भोक शोधायचं, दाभणानं मोकळं करायचं, आणि मेण लावलेला दोरा त्यातूनच न्यायचा. आठ दिवस लागले. शिवणीच्या खोबणींत हळद बसली होती, ती काही निघाली नाही, मीही फार घासलं नाही. माझ्या हातून झालेल्या कामांत ते काम वरचं आहे, हे मी स्वतःच सांगते, कारण दुसरं कुणी सांगायला उरलं नाही.

निघायच्या दिवशी मामा अंघोळ करून आले, नवा पटका बांधलेला. दार उघडलं, घोंगडं दुहेरी घडी करून सीटवर अंथरलं, आणि मग बसले.

"मामा! आठ दिवस शिवलंय, ते झाकायला?"

"सायबांनी पाठ टेकलेलं कातडं हाय हे, वैनी. त्याच्यावर बूड टेकू व्हय?"

मला राग आला. मी एरंडेलाची बाटली आणून ठेवली होती, ती खिडकीतून पुढं केली. "बोटभर, वर्षातून एकदा." मामांनी बाटलीकडे बघितलं, दाराच्या खिशात ठेवली, आणि गाडी साताऱ्याच्या रस्त्याला लागली. इंजिनाचं सांगायचं तेव्हाही राहिलं.

वर्ष उलटलं. दिवाळीनंतर एका दुपारी रस्त्यावरून तो आवाज आला, तो मी बसल्या जागेवरून ओळखला. बाईसाहेबांना सांगलीच्या घराचं काही काम निघालं होतं. त्या मागं, गुडघ्यांवर मामांचं घोंगडं घेऊन बसलेल्या. पितळी दिवे असे, की त्यांत माझं तोंड दिसत होतं. मी पुढचं दार उघडलं आणि काही विचारायच्या आधी वाकून सीटचा वास घेतला.

"लावलं म्हणायचं वहाणेचं तेल?"

"लावलं," मामा म्हणाले. "दोनदा बाटली उघडली आन बंद केली. मग सायबांच्या फोटूला इचारलं."

"काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात. ते कवा कुणाला न्हाई म्हणायचे?"

मागून बाईसाहेब म्हणाल्या, "मला म्हणायचे."

मी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "मामा, एक सांगायचं राहिलंय. ते इंजिन तुमच्या हँडलामुळं वाचलं. ते धरलं असतं तर माझ्यापर्यंत सीटा आल्याच नसत्या. हे मी आधी सांगायला पाहिजे होतं."

मामांनी फडक्यानं दिवा पुसला. तो आधीच पुसलेला होता.

"ते मला तवाच ठावं हुतं, वैनी," ते म्हणाले. "तुमाला कवा कळतंय, तेवडंच बघत हुतो."

मग हँडल मारलं, सीटवर बसले आणि निघून गेले. सीटबद्दल एक शब्द बोलले नाहीत.